गढूळ पाणी आणि चांदरी म्हैस

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावरच्या जनावरांना नवा पंच निवडायचा होता. रीत अशी, की उमेदवारापुढे खराच तंटा ठेवायचा आणि त्याचा निवाडा सगळ्यांना पटला, तर त्याला पंच करायचं.

त्या दिवशी तळ्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि चांदरी म्हैस आरोपी म्हणून काठावर उभी होती. उमेदवार मुंगूस पुढे आला.

"चांदरे, तू तळ्यात उतरलीस की पाणी गढूळ होतं. खरं ना?"

"खरं आहे," चांदरी म्हणाली.

"आज पाणी गढूळ आहे. म्हणजे तू उतरलीस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चांदरीनं आपले कोरडे खूर पाहिले, मग पाणी पाहिलं.

"मी तर सकाळपासून माळावर चरत होते," ती पुटपुटली. "पण पाणी गढूळ आहे खरं. उतरलेही असेन."

मुंगूस पंच झाला. चांदरीला तळं बंद झालं. भर उन्हाळ्यात म्हशीला याहून मोठी शिक्षा नाही. ती मुकाट्यानं टेकाडावर जाऊन उन्हात उभी राहिली.

एवढ्यात तळाच्या चिखलात झोपलेल्या म्हाताऱ्या कासवानं कूस बदलली. निवळत आलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा गढूळ झालं.

सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग टेकाडाकडे, मग नव्या पंचाकडे.

शेवटी टेकाडावरून चांदरीनंच भीत भीत विचारलं, "पंचमहाराज, मी परत उतरले का हो?"