खांबांचे खड्डे

"मग उत्सव कसा झाला, बाबा?"

भुजंगबाबा मठाच्या ओट्यावर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झाला व्हय?"

मन्मथशेठ हसले. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. माल पसंत असून नाक मुरडणारी गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पाच गावं जेवून वर बुंदी उरली होती. मंडप तर असा, की तालुक्यात नाव निघालं. आणि बाबांचा शब्द होता : उत्सव झाला की हात धुऊन ये, कानात मंत्र देतो. या शब्दासाठी शेठ बारा वर्षं मठाची पायरी झिजवत होते. आज हात धुऊन, वर अत्तर लावून आले होते.

"मंडप उतरला, बाबा. चुलींची राख उचलली, पत्रावळी पुरल्या. मठापुढचा माळ आरशासारखा केलाय. दहा माणसं लावली होती मी."

बाबांनी त्यांचा हात ओढून घेतला. उताणा केला, पालथा केला. हुंगला.

"हे हात धुवायचे कशाला…?"

शेठांनी स्वतःचे तळवे निरखून पाहिले. जन्मात पहिल्यांदाच.

बाबा काठी घेऊन माळावर निघाले. शेठ मागोमाग. मधोमध आल्यावर बाबांनी काठी पुढं टेकली.

काठी हातभर खाली गेली.

दहा पावलांवर पुन्हा टेकली. पुन्हा तेच.

मंडपाला एकशेवीस खांब होते. शेठांनीच तो आकडा गावभर मिरवला होता.

"माणसं गेली की हो, बाबा. ट्रकमधनं, सामानासंगट."

"बिरू धनगर मेंढरं घेऊन येतोय. दिवस कलायला पोचंल."

एवढं बोलून बाबा वातींकडं परतले.

शेठांनी धोतर खोचलं. मठातली कुदळ घेतली, पाटी घेतली. पहिला खड्डा नुसता बुजवला, तर पाय टेकताच माती दबली. मग खाली दगड, वर माती, वर टाच. एक झाला की दुसरा. रस्त्यानं जाणारा तात्या न्हावी थांबला.

"काय शेठ, आज सगळा माळच भांड्यासारखा मातीनं घासायला काढला?"

"घासतोय," शेठ म्हणाले. "तुम्ही चला पुढं, डाग पडतील."

ऊन उतरलं. शेवटच्या खड्ड्यावर टाच मारली, तेवढ्यात घंटा वाजल्या.

तीनशे मेंढरं माळावर सुटली. बांध फुटावा तशी. शेठ श्वास धरून उभे राहिले. कोकरं उधळली, म्हाताऱ्या मेंढ्या रेटारेटीत धावल्या, आणि सगळा कळप या टोकाचा त्या टोकाला गेला.

एक पाय अडखळला नाही.

खांब कुठं होते, ते आता खुद्द शेठांनाही दाखवता आलं नसतं. त्यांची छाती भरून आली. मंडप उभा राहिला तेव्हाही एवढी भरली नव्हती.

बिरूमामा ओट्याशी टेकले. घोंगडीनं तोंड पुसलं, माळ न्याहाळला.

"बाबा, औंदा उत्सव लांबला का काय? काय खूण दिसंना."

शेठांच्या ओठावर आलं होतं सगळं. पाच गावं, बुंदी, एकशेवीस खांब…

त्यांनी तोंड मिटलं. मग हसूच फुटलं. मोकळं, पोटातून.

बाबा त्यांच्या हातांकडं पाहत होते. नखं काळी, तळव्यावर दोन फोड फुटलेले.

"मन्मथा," बाबा म्हणाले, "आता हात धुऊन ये."