तीन घरचा पाहुणा

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, नदीकाठच्या एका नगरात हळदीचा एक व्यापारी राहत होता. हळद हाताळून हाताळून त्याचे तळवे कायमचे पिवळे झाले होते. लोक म्हणत, हा जन्मभर नवरदेवच दिसणार. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं. दुसरी गोष्ट ठाऊक नसती, तर पहिलीचा पुष्कळ उपयोग झाला असता.

त्याच्या घरी एक बायको होती आणि एक गाढव होतं. बायको थोडकं बोलायची, गाढव जास्त. त्या काळी गाढवं बोलत असत. हल्ली बोलणाऱ्यालाच गाढव म्हणतात, पण ते राहू द्या.

एका पावसाळ्यात नदीने कूस बदलली. नगर सोडून ती पलीकडच्या माळावरून वाहू लागली. होड्या यायच्या थांबल्या, बाजार ओस पडला, विहिरींचं पाणी मचूळ झालं. ज्याला जिथे वाट दिसली तिथे तो निघाला. नेमके तेव्हाच व्यापाऱ्याच्या बायकोला दिवस गेले.

आता त्या मुलखाची रीत अशी होती, की आई-बाप ज्या गावचे, मूल त्या गावचं. आणि जन्माच्या वेळी आई-बाप कुठलेच नसतील, तर मूलही कुठलंच नाही. असं माणूस मोठं झालं तरी त्याला जत्रेत मान नाही, पंचांत बसायला जागा नाही, भांडायला हक्काचा शेजारीसुद्धा नाही.

म्हणून बायको नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला माडी नको आणि अंगणात झोपाळा नको. उद्या आपल्या लेकराला कुणी विचारलं, कुठलं रे तू, तर त्याला एका शब्दात सांगता यावं. एवढं करा."

व्यापाऱ्याने पागोटं बांधलं, गाढवावर पडशी टाकली आणि तो गावं बघायला निघाला.

पहिल्यांदा तो डोंगरावरच्या राज्यात गेला. तिथली वेस एवढी उंच, की वर बघताना पागोटं मागे पडायचं. तिथल्या कारभाऱ्याने सांगितलं, की आमच्या आळीत घर विकत घ्या, उरलेलं धन काही वर्षं राजाच्या कोठारात ठेवा, आम्ही तांब्याचा पत्रा देऊ. पत्रा असला की तुम्ही इथले. रोज राहिलंच पाहिजे असं नाही, फक्त प्रत्येक ऋतू सरायच्या आत एकदा येऊन वेशीवर तोंड दाखवायचं. नाही दाखवलं तर पत्रा परत, घर राजाचं. व्यापाऱ्याला हे पसंत पडलं. तोंड त्याच्याकडे होतंच.

मग तो समुद्राकाठच्या राज्यात गेला. तिथे घर घ्यायची सक्ती नव्हती. कर हलका, वारा गार, माणसं दुपारी झोपणारी. अट एवढीच, की इथे दुकान थाटून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, बाहेरची कमाई आणून इथे खायची, आणि निम्मं वर्ष इथेच निजायचं. गाढव म्हणालं, "निजायची अट असलेलं राज्य मी पहिल्यांदा बघतोय. धनी, इथेच राहू."

परत येताना दोन्ही राज्यांच्या मधल्या रानात त्यांना एक गाव लागलं. दहा-वीस घरं, एक विहीर, एक चिंच. तिथे कारभारी नव्हता, पाटील होता तो नावापुरता, आणि एक म्हातारी सुईण होती. गावातला प्रत्येक जण तिच्याच हातून जगात आलेला, म्हणून तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. सुईणीने व्यापाऱ्याला ओसरीवर बसवून गावाची रीत सांगितली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गाव विस्तव देतं, चूल पेटवायला. त्या दिवसापासून तो पाहुणा. पुढे ज्या दिवशी गावातलं कुणी आपणहून त्याच्या चुलीतला विस्तव मागायला येईल, त्या दिवसापासून तो गावचा. होळीपर्यंत कुणी नाही आलं, तर गूळ-भाकरी बांधून देतात आणि वेशीपर्यंत पोचवायला येतात.

"आणि पैसे किती?" व्यापाऱ्याने विचारलं.

"पैसे कशाचे?" सुईण म्हणाली. "पैसे पेटत नाहीत."

व्यापारी घरी आला आणि त्याने तागडी काढली. प्रत्येक राज्याच्या प्रत्येक गुणाला एक हळकुंड असा हिशेब. डोंगराच्या पारड्यात थाटामाटाचं हळकुंड, समुद्राच्या पारड्यात वाऱ्याचं, गावाच्या पारड्यात स्वस्ताईचं. पण झालं असं, की डोंगर समुद्राला भारी पडला, समुद्र गावाला भारी पडला, आणि गाव डोंगराला. पुन्हा तोलावं तर पुन्हा तेच. अर्ध्या हळकुंडाने माणूस पिवळा होतो म्हणतात, हा तर टोपलीभर घेऊन बसलेला.

"धनी," गाढव म्हणालं, "पारडी दोन आणि गावं तीन. यात तागडीचा दोष नाही."

तेव्हा व्यापाऱ्याने हुशार माणसं करतात तेच केलं. त्याने तिन्ही घेतली. एक शोभेला, एक आरामाला, एक अडीअडचणीला. एक हातचं गेलं तर दोन उरतील.

बायको म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी, असं माझी आई म्हणायची. तुम्ही तीन घरं केलीत." पण तिने बोचकं उचललं. बायका आधी सांगतात आणि मग सोबत येतात, नवऱ्यांना वाटतं की त्यांना पटलं.

मग सुरू झाली फिराफिरी. डोंगरावर चूल मांडून ओली लाकडं कुठे धुमसू लागली, की समुद्राकाठी निजायची वेळ झालेली. तिथे अंथरूण जरा ऊबदार झालं, की डोंगरावर तोंड दाखवायची घाई. वाटेत रानातल्या गावात बांधलेल्या झोपडीत थांबावं, तर सुईणीने खापरातून आणून दिलेला विस्तव राख होऊन पडलेला. ती पुन्हा आणून द्यायची. फक्त खापर जरा जोरात ठेवायची.

थंडी सरत आली आणि बायकोचे दिवस भरत आले. ती झोपडीच्या दारात बसली ती उठेना. म्हणाली, आता मी कुठल्याही वेशीवर तोंड दाखवणार नाही. ज्याला बघायचं असेल त्याने इथे यावं.

व्यापारी बेचैन झाला. डोंगरावरचा ऋतू संपत होता आणि इकडे होळी जवळ येत होती. विस्तव मागायला तर कुणीच येत नव्हतं. का येईल? प्रत्येक घराची आपली ठरलेली शेजारीण होती. मग त्याने शक्कल लढवली. जो विस्तव मागायला येईल त्याला ओंजळभर हळद फुकट, असं त्याने विहिरीवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. हळद घेतली, हळदीचं कौतुक केलं, आणि विस्तव आमच्याकडे आहे म्हणून निघून गेलं. त्या आठवड्यात गावातली सगळी कालवणं पिवळीधमक झाली. पाहुणे मात्र पाहुणेच राहिले.

शेवटी व्यापारी बायकोला म्हणाला, डोंगरावर नुसता जातो, तोंड दाखवतो आणि येतो. निदान एक ठिकाण तरी हातात राहू दे, लेकराला कुठलं तरी नाव लागेल. बायको चुलीत लाकूड सारत होती. व्यापारी गाढवाला घेऊन निघाला.

आता त्या गावात वर्षातून एकदा चूल निजवायचा दिवस असे. वर्षभर राबलेल्या चुलीला त्या दिवशी विसावा. तिची राख काढायची, तिला सारवायचं, कुंकवाचं बोट लावायचं आणि आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची ती मागून आणलेल्या विस्तवानेच. चकमक होती गावात, पण ती चिलमीपुरती. चकमकीने चूल पेटवणं म्हणजे शेजारणीशी भांडण असल्याचं जाहीर करणं. म्हणून त्या दिवशी एकाच घरात राखेखाली निखारे जपून ठेवत, सुईणीच्या. सकाळी तिच्याकडून सगळे नेत.

त्या वर्षी चूल निजवायच्या दिवशीच पहाटे व्यापाऱ्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. सुईण उठली ती धावतच झोपडीत आली. बाईने कळा सोसत विचारलं, आज चूल विझवायची ना? सुईण म्हणाली, बाळंतिणीच्या चुलीला विसावा नसतो, घाल लाकूड. तो दिवस आणि ती रात्र सुईण तिथून हलली नाही. पाणी तापत राहिलं, आणि उजाडता उजाडता मुलगी झाली. मुलीने पहिलीच हाक अशी मारली, की चिंचेवरचे बगळे उडाले.

तिकडे बायका खापरं घेऊन सुईणीच्या दारात जमल्या. राख उकरली तर गार. आठ प्रहर जपायचा निखारा जपणारीच घरी नव्हती. आता घरोघर चौकशी सुरू झाली. तुझ्याकडे असेल की गं? मला वाटलं तू ठेवला असशील. मी तर हिच्या भरवशावर. प्रत्येकीला दुसरीवर एवढा विश्वास, की गावात ठिणगी उरली नव्हती. पोरं भुकेने रडू लागली, आणि पुरुष मंडळी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चिलमी झटकत बसली.

इतक्यात कुणाला तरी गावाच्या टोकाला झोपडीतून धूर निघताना दिसला.

सगळं गाव खापरं घेऊन त्या दारात उभं राहिलं. पण पुढे कुणी होईना. ओंजळ ओंजळ हळद नेलेले हात ते, जरा जड झाले होते. सुईण आतून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? चूल तिची आहे. तिला मागा."

मग पाटलीणबाई उंबऱ्याशी वाकल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "विस्तव देतेस का गं?"

बाळंतीण पोरीला छातीशी धरून पडली होती. ती हसली. "न्या की. पुरेल सगळ्यांना."

असा विस्तव गेला एकेका खापरातून घरोघर, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत ती बाई गावची झाली. मुलीची नाळ अजून पुरायची होती, म्हणून जन्म पुरा झालेला नाही असं सुईणीने ठरवलं, आणि मुलगी जन्मतःच गावची झाली.

व्यापाऱ्याचं काय झालं? तो डोंगरावर पोचला तेव्हा ऋतू आदल्या दिवशीच सरला होता. कारभाऱ्याने अदबीने पत्रा काढून घेतला आणि घराला राजाचं कुलूप लावलं. कोठारातल्या धनाचं विचारलं, तर म्हणाला, वर्षं पुरी झाली की सावकाश या. तिथून व्यापारी समुद्राकाठी धावला. तिथे म्हातारा राजा जाऊन नवा आला होता, आणि नव्याने निम्म्या वर्षाची अट सबंध वर्षाची केली होती, जुन्यांनाही. व्यापाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तागडी न काढता विचार केला आणि तो गावाकडे वळला.

वेशीवर कुंभाराने त्यांना बघितलं. त्याला माती आणायची होती. त्याने गाढवाला विचारलं, येतोस का चार खेपा? गाढव म्हणालं, येतो. झालं, गावाने त्याच्याकडे काही मागितलं, म्हणून गाढवही उभ्या उभ्या गावचं झालं. व्यापारी झोपडीच्या दारात पोचला तो एकटाच परका.

बायको म्हणाली, "विस्तव न्यायला आल्यासारखे उभे का? आत या. लेक बघा तुमची."

लेक बघून झाल्यावर तो सुईणीशी वाद घालायला गेला. बायको गावची, मुलगी गावची, गाढवसुद्धा गावचं, मग मीच पाहुणा कसा?

"जावई समजा, पाव्हणं," सुईण म्हणाली. "जावईसुद्धा पाहुणाच असतो की."

गावच्या बाईचा पाहुणा म्हणून त्याला राहू दिलं. होळीला गूळ-भाकरी मिळाली, पण ती घरीच खायची परवानगी झाली. पंचांत मात्र त्याला मागे, पोरांच्या रांगेत बसावं लागे, आणि पुढच्या रांगेतून कुंभाराचा सोबती होऊन बसलेलं गाढव त्याच्याकडे वळून वळून बघे. मग त्याने तोंड दाखवत फिरायचं सोडलं. पहाटे उठून चूल तो पेटती ठेवू लागला. पिवळे तळवे हळूहळू काळे पडले. बायकोकडे विस्तव मागायला बायका येत, त्याच्याकडे कुणी मागत नसे. तो मुकाट्याने फुंकणी फुंकत बसे.

मुलगी चालू लागली, बोलू लागली, भातुकली मांडू लागली. एका सकाळी तिने चिंचेखाली तीन दगडांची चूल केली आणि करवंटी घेऊन ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, विस्तव देता का?"

व्यापाऱ्याने करवंटीत राखेची चिमूट टाकली, राखेवर एक इवलासा निखारा ठेवला, आणि त्याला पुढचं काही दिसेना. धुरामुळे असेल.

पंच बसले. पाटील म्हणाले, भातुकलीतलं मागणं धरायचं कसं? गाढव म्हणालं, धरू नये. सुईणीने दोघांनाही गप्प केलं.

"पोर गावची आहे ना?" ती म्हणाली. "मग गावाने मागितला. सरका जरा, त्याला पुढे बसू द्या."

पाटील सरकले. गाढवालाही सरकावं लागलं.

तर मंडळी, जिथे आपल्याला जागा मिळते ते आपलं गाव नव्हे. जिथे आपल्या दारी कुणी काही मागायला येतं, ते आपलं गाव.