सात सडीचा भात

अरिंदम राजा शालिपूर नगरात राज्य करीत होता. त्याच्या राज्याचे अठरावे वर्ष, ऐन उन्हाळा, वैशाख वद्य तृतीया. त्या सकाळी राजा पलंगावरून उतरला आणि मटकन खाली बसला. पाय त्याला धरीनात. बोधिसत्त्व तेव्हा त्याच राजाच्या हत्तीशाळेत हत्तीच्या जन्मात होते. हत्तीचे नाव महामेघ.

शालिपुरात माणसाची किंमत तांदळावर ठरे. तांदूळ उखळात मुसळाने कांडून जितक्या वेळा सडला, तितका तो पांढरा आणि खाणारा तितका मोठा. शेतकऱ्याला एक सड. शिपायाला दोन. व्यापाऱ्याला तीन. दरबाऱ्याला पाच, राजवैद्याला सहा आणि राजाला सात. सात सडीचा भात मोत्यासारखा दिसे. त्याला चव नव्हती, पण ते बोलायची कोणाची छाती नव्हती. सडताना निघालेला कोंडा हत्तींना घालीत.

एका नाकेदाराला बढती मिळाली. त्याची बायको आळीभर सांगत फिरली, "आमच्याकडे आता पाच सड!" वर्षाच्या आत नाकेदाराच्या पायाला मुंग्या आल्या. त्यालाही लोक मोठेपणाची खूण समजले. मोठ्या माणसाने पायी चालू नये, असे तिथे मानीत.

हा तांदूळ एकाच जातीच्या भाताचा होई. त्याचे नाव मोतीसाळ. नऊ वर्षांपूर्वी राजाने आज्ञा काढली की राज्यात दुसरे काही पिकवायचे नाही. डोंगराच्या उतारावर लोक नाचणी, वरई, तूर, कुळीथ एकत्र पेरीत. एक पीक बसले तर दुसरे तारून नेई, आणि मुळे माती धरून ठेवीत. ती शेते मोडली. वरचे जंगल तोडून खाचरे केली. दरवर्षी त्याच रानात तीच साळ. कीड घर करून राहिली. पावसाबरोबर डोंगराची माती खाली आली आणि नगराच्या तळ्यात बसली.

हे दरबारात कोणाला दिसले नाही. महामेघाला दिसले, कारण तो रोज तळ्यात उतरे. पूर्वी आंघोळीच्या वेळी त्याची फक्त सोंड पाण्याबाहेर राही. आता गुडघेही बुडेनात.

त्या तळ्याशी त्याचे नाते जुने होते. तो पिल्लू असताना काठच्या चिखलात रुतला होता. तेव्हा अरिंदम राजपुत्र होता. नोकरांनी पिल्लू सोडून दिले. राजपुत्राने सोडले नाही. पेंढ्याचे भारे टाकीत, कमरेइतक्या चिखलात उभा राहून, दिवसभर खपून त्याने त्याला उभे केले. हत्ती हे विसरला नव्हता.

ज्येष्ठ पौर्णिमेला राजाने अनवाणी पायांनी नांगराची पहिली ओळ, म्हणजे पहिले तास, पाडायचे, अशी तिथली रीत होती. राजाचे तास पडल्याशिवाय राज्यात कोणी पेरीत नसे. तास नाही तर पेरणी नाही. पेरणी नाही तर वर्षभर उपास. पौर्णिमेला सत्तावीस दिवस उरले होते.

राजवैद्य कुंडलक पालखीतून आला. त्याने राजाची नाडी पाहिली, डोळे मिटले आणि सांगितले, "भात जड जातो आहे. आठवी सड द्या."

आठ सडीने तीन दिवसांत राजाचा उरलासुरला जोरही गेला.

ही बातमी माहूत कालकाने हत्तीशाळेत आणली. त्या काळी जनावरे बोलत आणि माणसे ऐकत. महामेघाने सगळे ऐकून घेतले. मग कोंड्याने भरलेले घमेले सोंडेत उचलले आणि तो राजवाड्याकडे चालू लागला.

"अरे मेघा, कुठे निघालास? घमेलं ठेव!" कालक मागे धावला. हत्ती थांबला नाही. त्याने घमेले नेऊन थेट राजाच्या पलंगापुढे ठेवले.

"महाराजांपुढे कोंडा!" कुंडलक ओरडला. "हा राजद्रोह आहे!"

"वैद्यराज, उभे राहून बोला," महामेघ म्हणाला.

कुंडलक बसूनच राहिला.

राजा म्हणाला, "महामेघा, तूही थट्टा करतोस?"

"नाही, महाराज. मी बरेच दिवस बघतो आहे. एक सडवाला नांगर धरतो. दोन सडवाला भाला धरतो. तीन सडवाला जिन्यात थांबतो. पाच सडवाला पालखी मागवतो. आपण सात. आपल्या तांदळातून जे काढून टाकतात, ते मला घालतात. मी झाडे उपटतो."

दरबारात कोणीतरी हसले. राजाने त्याच्याकडे पाहिले. मग तोही थोडा हसला.

"मी तुझे खाल्ले तर तू काय खाशील?"

"आपले ताट. जे होईल ते आपल्या डोळ्यांनी बघा."

कालकाने हत्तीचा पाय धरला. "बाबा, असलं काही करू नकोस. त्यांचे दोनच पाय आहेत. तुझे गेले तर चार जातील."

"हिशेब बरोबर आहे," महामेघ म्हणाला. "पण मला एकदा याच माणसाने उभे केले आहे."

ठरले. हत्तीला राजाच्या कोठारातला सात सडीचा भात. झाडपाला नाही, ऊस नाही. राजाला हत्तीचा कोंडा.

कोंडा राजाला खाववेल कसा, हा प्रश्न होता. तो कालकाच्या बायकोने सोडवला. तिचे नाव गोमती. ती डोंगरातली. तिने कोंडा चाळला, भाजला, गूळ घालून त्याच्या भाकऱ्या थापल्या. सोबत कुळथाचे कढण केले.

"कुळीथ?" कुंडलकाने विचारले. "ते तर राज्यातून उपटले आहेत."

"आमच्या आईच्या गावी कड्यामागं एक तुकडा राहिलाय," गोमती म्हणाली. "तुमचे कारभारी तपासायला आले होते. पण सगळे पाच सडीचे. निम्म्या चढावरून परत गेले."

राजाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "घशाला टोचते."

"टोचू दे, महाराज. आधी घसा जागा होईल, मग पाय," गोमती म्हणाली.

राजाने दुसरा घास घेतला. आठ दिवस तो कुरकुरत जेवला. नवव्या दिवशी राजवाड्यात एकच आरडाओरड झाली. पहारेकरी भाले घेऊन धावले. राजा पलंगावर बसून ओरडत होता, "हलला! अंगठा हलला! हा बघा, परत हलला!"

मग काय विचारता. ज्याला त्याला बोलावून राजा अंगठा दाखवू लागला. राणीने तीनदा पाहिला. चौथ्या वेळी ती म्हणाली, "पाहिला हो. आता बाकीची नऊ बोटं हलवा."

पंधराव्या दिवशी राजा भिंत धरून उभा राहिला. विसाव्या दिवशी काठी टेकीत तो एकटाच हत्तीशाळेत गेला. त्याला हत्तीला चालून दाखवायचे होते.

महामेघ खांबाला टेकून उभा होता. त्याचे चारही पाय थरथरत होते. पुढे सात सडीच्या भाताची रास होती, मोत्यासारखी पांढरी. राजाला पाहून त्याने सलामीसाठी सोंड उचलली. ती अर्ध्यावरून खाली पडली.

राजाचे हसू गेले. त्याने ते चारही पाय एकेक करून पाहिले. मग त्याने काठी टाकली. कोंड्याचे घमेले स्वतः उचलले आणि हत्तीपुढे ठेवले.

"पुरे. मला दिसले."

"अजून चार दिवस आहेत, महाराज. तास पडायचे आहे."

"तास मी पाडीन. तू जेव. आजपासून राजवाड्यात एक सड. सर्वांना एक सड. कोंडा तांदळातच राहील आणि तुला रानातला पाला मिळेल. रान मी परत वाढवीन."

महामेघ जेवला. कालक त्याच्या पायाशी बसून आधी रडला आणि मग त्याला शिव्या देऊ लागला. माहुताची माया अशीच असते.

ज्येष्ठ पौर्णिमेला सारे नगर शेतावर लोटले. राजाने पादत्राणे काढली. नांगराची मूठ धरली. बैल चालले, राजा चालला. महामेघ बांधावरून त्याच्या बरोबरीने चालत होता. मध्ये राजाचा पाय एकदा अडखळला. हत्तीने सोंड पुढे केली. राजाने ती धरली नाही. शेवटचे ढेकूळ उलटले तेव्हा लोकांनी असा गजर केला की झाडावरचे बगळे उडाले.

मग गोमतीने कड्यामागच्या तुकड्यातल्या बियाण्याचे मडके आणले. त्यात नाचणी, वरई, तूर, कुळीथ एकत्र होते. राजाने त्यातली पहिली मूठ तासात पेरली आणि मोतीसाळीची आज्ञा तिथेच मागे घेतली. साळ खाचरात राहिली. डोंगर डोंगरवाल्यांना परत मिळाला. कुंडलक पालखीतून हळूच वाकला आणि गोमतीला म्हणाला, "बाई, ती भाकरी… एखादी उरली असेल तर."

राजा म्हणाला, "गोमती, तुझे माझ्यावर ऋण आहे. काय हवे ते माग."

"सध्या काही नको, महाराज. पुढं कधी मी काही वाढलं, तर नाक न मुरडता खा."

"दिला शब्द," राजा म्हणाला.

पण तो शब्द पाळायची वेळ त्या जन्मात आली नाही. गोमती माहेरच्या डोंगरात शेती करायला गेली आणि तिथेच राहिली. उतारावर पुन्हा मुळे धरली. माती जागेवर राहिली. लोकांनी गाळ उपसला आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर महामेघ तळ्यात उतरला, तेव्हा काठावरून फक्त त्याची सोंड दिसली. पोरे ओरडली, "हत्ती बुडाला!" सोंडेने त्यांच्यावर पाणी उडवले.

पुढच्या एका जन्मात बोधिसत्त्व शास्ते, म्हणजे धर्म शिकवणारे गुरू, झाले; त्यांनी ही कथा विहारात सांगितली. समोर एक भिक्षू बसला होता. त्या सकाळी एका म्हातारीच्या दारात नाचणीची आंबील पाहून त्याने पात्र मागे घेतले होते. म्हातारी भांडे घेऊन त्याच्या मागोमाग विहारापर्यंत आली होती आणि दाराशी उभी होती.

शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा अरिंदम राजा तू होतास. तुझ्या शेजारी बसून हसतो आहे तो कुंडलक वैद्य. कालक माहूत म्हणजे आपल्या विहाराचा वृद्ध द्वारपाल. गोमती ही दाराशी उभी आहे. आणि महामेघ हत्ती मीच होतो. या कथेतल्या गुणाचे नाव कृतज्ञता."

भिक्षू उठला. दाराशी गेला. त्याने दोन्ही हातांनी पात्र पुढे धरले.

म्हातारीने आंबील वाढली. तो ती शेवटच्या घोटापर्यंत प्याला.