कमरेइतक्या उंचीवरची बस

एकदा एक अख्खे शहर कोसळले, आणि बघणाऱ्यांपैकी कुणाची पापणीसुद्धा हलली नाही.

शहर पडद्यावरचे होते, हे खरे. पण पाडणाऱ्याने जीव ओतून पाडले होते. एका तरुण दिग्दर्शकाने अचाट शक्तीच्या वीराचा चित्रपट केला होता. नायक म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा साधा वायरमन. अंगावर आभाळातली वीज पडते आणि तो उडू लागतो. चित्रपट पुरा होत आला तेव्हा स्टुडिओच्या छोट्या थिएटरात त्याचा पहिला खेळ ठेवला. पैसा लावणारा व्यापारी आला, त्याची बायको आली, पेढीवरची माणसे आली. अगदी मागच्या खुर्चीत दिग्दर्शकाचा गुरू बसला होता. त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर इतरांचे चित्रपट कापले आणि जोडले होते. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

शिष्य पडद्याकडे बघतच नव्हता. तो माणसांची तोंडे बघत होता. पडद्यावर इमारती ढासळत होत्या, पूल मोडत होता, माणसांनी भरलेली बस दरीवर लोंबकळत होती, आणि पहिल्या रांगेत पेढीवरचे दिवाणजी शेंगा सोलत होते. बस लोंबकळली, त्यांनी शेंग फोडली. बस सुटली, त्यांनी दाणे तोंडात टाकले. वायरमनने ती अधांतरी झेलली, त्यांनी मांडीवरची टरफले झटकली.

दिवे लागले. व्यापाऱ्याच्या बायकोने विचारले, "त्याची आई मेली का हो त्यात?"

"कुणाची आई?" शिष्य म्हणाला.

"त्या वायरमनची. मध्यंतराआधी एवढी रडारड चालली होती दोघांची. माझा जरा डोळा लागला, पण घर बघितलं मी. पाण्याच्या टाकीखाली होतं. ती टाकी पडली ना आत्ता?"

शिष्य थिजला. टाकी पडली होती. घर टाकीखाली होते, तेही त्यानेच दाखवले होते. वर्षभर राबणाऱ्या एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आले नव्हते की, उडता उडता या पोराने एकदा खाली बघावे. आईच्या अंगावर टाकी कोसळली आणि मुलगा वर आभाळात राक्षसाला ठोसे मारत राहिला. याला वीर म्हणायचे तर कसाई कुणाला म्हणायचे?

झाले होते असे, की या धंद्याच्या रीतीप्रमाणे कामाचे दोन भाग पाडले होते. आई, मुलगा, घर, रडणे हे शिष्याने स्वतः एका बंगल्यात चित्रित केले. मारामारी, आग, पाडापाडी हे दस्तगीर नावाच्या फाइट मास्तरच्या टोळीकडे दिले. दोन्हीकडची माणसे जेवायलासुद्धा वेगवेगळी बसत. मग मध्यंतरापर्यंत एक भाग, मध्यंतरानंतर दुसरा, असे शिवून टाकले. गोधडीलासुद्धा याहून बरा जोड घालतात.

व्यापारी उठला. "पुढच्या रविवारी पुन्हा बघतो," तो म्हणाला. "तेव्हाही हे असंच असलं, तर चित्र दुसऱ्या कुणाच्या हाती देईन. राग मानू नका."

बाहेर येताच शिष्य गुरूला म्हणाला, "अण्णा, बस आणखी उंच टांगतो. आग वाढवतो. दस्तगीरमामांना उद्याच बोलावतो."

"बसमध्ये कोण आहे?" म्हाताऱ्याने विचारले.

"म्हणजे? एक्स्ट्रा."

"कोण, विचारतोय."

"एक्स्ट्राला कोण असतं, अण्णा? माणसं आहेत. भरायला."

म्हातारा काही बोलला नाही. हा माणूस गप्प बसला की समजावे, कुणाचे तरी भले होणार आणि त्याआधी हाल होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याची आई गावाहून आली. मुलाला पाहून वर्ष होत आले होते. फाटकापाशी तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, एवढा एक शॉट होऊ दे. लगेच येतो. तू बस इथं." ती वॉचमनच्या बाकावर बसली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा तिथून गेला, फोन कानाला लावून, आणि हातानेच थांब म्हणाला. ती थांबली. कापडी पिशवी मांडीवर घेऊन, घरच्यासारखी नाही, दवाखान्यात बसल्यासारखी.

म्हातारा गुडघे सांभाळत तिच्यापाशी आला. "बाई, पोराचं काम जवळून बघायचंय?"

"बघू देतील व्हय मला?"

"चला की. एका गाडीत बसायचं. जरा हलेल, घाबरू नका. एसटीपेक्षा कमीच हलेल."

इकडे बस तयार झाली. बस कसली, तिचा अर्धा सांगाडा. तो लोखंडी पायांच्या घोड्यावर चढवलेला, जमिनीपासून माणसाच्या कमरेइतका वर, खाली जाड गाद्या. मागे हिरवे कापड ताणलेले. दरी मागाहून संगणकात घालायची होती. मॉनिटरवर मात्र अंदाज यावा म्हणून ती आताच दिसत होती. खोल, काळी, तळ नसलेली. शिष्य मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसला. हातात चहा. सगळी माणसे आत बसली आहेत का, हे दुसरा कुणी तरी बघत होता.

"ॲक्शन," तो म्हणाला.

दस्तगीरच्या माणसांनी दोर ओढला. बस कलली. आतली माणसे एका अंगाला घसरली, ठरल्याप्रमाणे ओरडली. शिष्याने चहाचा घोट घेतला. एका खिडकीत एक म्हातारी बाई होती. तिला ओरडायचे कुणी शिकवले नसावे. तिने एका हाताने खिडकीचा गज धरला होता आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या रिकाम्या जागेवरची कापडी पिशवी दाबून धरली होती. बस आणखी कलली. बाईचे कपाळ गजावर आपटले. पदर डोक्यावरून घसरला आणि तोंड दिसले.

दरीवर त्याची आई लोंबकळत होती.

'कट' हा शब्द त्याला आठवला नाही. खुर्ची उलटली, चहा मांडीवर सांडला तेही कळले नाही. तो धावला. वायरीत पाय अडकून पडला, उठला, एक चप्पल तिथेच राहिली. गाद्यांवरून धडपडत जाऊन त्याने बसचा पत्रा धरला आणि वर चढला. हातातून रक्त आले. दस्तगीर तोंड उघडे टाकून बघत राहिला, आणि कुणी थांब न म्हटल्यामुळे कॅमेरा चालूच राहिला.

आईने त्याला वर येताना पाहिले आणि तिचे तोंड उजळले.

"आलास?" ती म्हणाली. "मिळाला म्हणायचा येळ. बस, तुझी जागा धरून ठेवलीया." आणि एसटीत करतात तशी तिने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलली.

शिष्याला बसता येईना, उभे राहता येईना. खाली म्हातारा काठी टेकून उभा दिसला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अण्णा, हे काय केलंत? तिला काही झालं असतं म्हणजे?"

"काय होणार होतं? बस किती उंच आहे?"

शिष्याने खाली बघितले. मग म्हणाला, "कमरेएवढी."

"खाली काय?"

"गाद्या."

"आणि दरी?"

"खोटी."

"तूच करवून घेतलेली खोटी. मग धावलास कशाला, लेका?"

शिष्याने मागच्या हिरव्या कापडाकडे बघितले, मग आईकडे.

म्हातारा म्हणाला, "खोटी आहे हे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिकीट काढूनच येतो तो. तरी त्याचा जीव वरखाली व्हावा लागतो, आणि तो उंचीनं होत नाही. मघाशी हीच बस कलली, ती बघत तू चहा घेतलास. मग खिडकीत कोण आहे ते कळलं आणि तुला दरी दिसली. हे एक. दुसरं असं, की आईला बघून तू तिथंच उभा राहून गळा काढला असतास, तर ही काठी पाठीत घातली असती. तू रडला नाहीस, धावलास. तुझी माया किती, ते तुझ्या पायांनी सांगितलं. पायांनी जे सांगितलं त्याला पुन्हा तोंडाची गरज नाही. तू चित्रात माया मध्यंतराच्या अलीकडे ठेवलीस आणि धावणं पलीकडे. एका ताटात पीठ, दुसऱ्या ताटात पाणी, आणि लोकांना म्हणतोस, भाकरी खा. शेंगा खाणार नाहीत तर काय करतील?"

एवढे बोलून तो दमला आणि गादीवरच बसला.

शिष्य आईशेजारी त्या धरलेल्या जागेवर बसला. तिने पदराने त्याच्या हाताचे रक्त टिपले. "एवढं धडपडत यायचं काय नडलं हुतं?" ती म्हणाली. "मी काय पळून जात हुते व्हय?" त्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने दस्तगीरने भीत भीत विचारले, "सायेब, फुडचा शॉट?"

"थांबा मामा. सगळ्यांना आत बोलवा. आधी गोष्ट सांगतो."

आणि त्या कललेल्या अर्ध्या बसमध्ये बसून त्याने दोर ओढणाऱ्या, आग लावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांना वायरमनची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ऐकून दस्तगीर कपाळाला हात लावून बसला. "त्या टाकीखाली त्याची आई हुती? मला कुणी सांगितलंच नाही, सायेब. तुमी पाडा म्हणाला, पाडली."

त्या आठवड्यात फारसे काही नवे चित्रित झाले नाही. रडण्याचा बराचसा भाग कापला. पाडापाडी निम्म्यावर आणली. टाकी तेवढी राहिली. ती कलते तेव्हा लढता लढता वायरमन खाली बघतो, आणि त्याच क्षणी राक्षसाचा घाव त्याच्या पाठीत बसतो. तरी तो राक्षसाकडे वळत नाही, टाकीकडेच झेपावतो. तोंडातून एक शब्द नाही.

रविवारी पुन्हा सगळे जमले. शिष्य मागच्या रांगेत बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याने सकाळीच आपली पिशवी ठेवली होती. आई आली तशी ती उचलली. खेळ संपल्यावर व्यापारी बराच वेळ उठला नाही. मग वळून एवढेच म्हणाला, "चित्र तुमच्याकडेच राहू दे." त्याच्या बायकोने या खेपेस काही विचारले नाही.

पहिल्या रांगेत दिवाणजी अजून पडद्याकडेच बघत होते. टाकी कलली तेव्हा त्यांनी फोडायला घेतलेली शेंग मुठीत तशीच होती.