भांडणं खाल्लेला धोंडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा उंच होते आणि माणसं मात्र आजच्याइतकीच हट्टी होती. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, जांभया नंतर द्या. ही गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात पाटील होता, न्हावी होता, तेली होता, चार शहाणे होते आणि उरलेले सगळे स्वतःला शहाणे समजणारे होते. आणि एक धोंडा होता. गोल गरगरीत, जेवून उठलेल्या व्याह्याच्या पोटासारखा.

या धोंड्यामुळे ते गाव पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. दोघांचं भांडण झालं, की त्यांच्या हातात एकेक पहार द्यायची. एकाने धोंड्याला डावीकडून पहार लावायची, दुसऱ्याने उजवीकडून, आणि दोघांनी मिळून तो डोंगराच्या वाटेने वर रेटायचा. एकटा कितीही फुगला तरी धोंडा हलायचा नाही. दोघांचा दम एकाच वेळी लागला, तरच तो हातभर वर सरकायचा. मग गाडीच्या चाकाखाली लावतात तशी बाभळीची उटी त्याच्याखाली ठोकायची. तोवर दोघांची छाती भात्यासारखी हलत असायची. त्यांना गूळपाणी द्यायचं आणि घरी पाठवायचं. झालं, भांडण मिटलं!

"कशावरून भांडलात रे?" असं कोणी विचारत नसे. विचारायला वेळ लागतो, ऐकायला त्याहून जास्त. त्यापेक्षा पहार बरी.

ही चाल पाटलाच्या बापाने पाडली होती. त्याचे दोन मुलगे लहानपणी एकदा असे भांडले, की घरातली उतरंड कोसळली. बापाने दोघांना कान धरून बाहेर काढलं, धोंड्यापुढे उभं केलं, पहारी दिल्या आणि म्हणाला, "एवढी रग आहे ना अंगात? लावा इथे!" दिवस मावळेपर्यंत रेटून दोघांनी धोंडा वाटेवर चांगला घरभर उंच चढवला. त्यातला थोरला आता पाटील झाला होता. धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. दोघं त्या दिवसापासून भांडले नव्हते. त्या दिवसापासून बोललेही नव्हते.

मग गावाने री ओढली. धोंडा जिथे जिथे थांबला, त्या जागांना नावं पडली. इथे न्हाव्याचा मुक्काम, तिथे तेलिणीचा मुक्काम, वर व्याही-व्याह्यांचा मुक्काम. धोंडा चढत गेला, चढत गेला आणि एका वर्षी पार माथ्याला टेकला. खालून बघितलं तर डोंगराने टिळा लावल्यासारखा दिसायचा.

पाहुणा आला, की पाटील ओट्यावर मांडी ठोकून सांगायचा, "आमच्या गावात भांडण टिकतच नाही."

खोटं नव्हतं ते. तोंडात टिकत नव्हतं.

आता धोंडा शेवटचा कोणी चढवला ते सांगतो. धोंड्याच्या वाटेला अगदी चिकटून दोन जावांची घरं होती, मध्ये एकच अंगण. त्या अंगणाच्या पुढे, वाट संपते तिथे, पाटलाचा ओटा. दोन जावांमध्ये भांडण होतं लाल भोपळ्याचं. वेलाचं मूळ धाकटीच्या परसात आणि भोपळा धरायचा थोरलीच्या छपरावर. धाकटी म्हणायची, पाणी मी घातलं. थोरली म्हणायची, ओझं माझ्या छपराने वाहिलं. दर भोपळ्याला एक भांडण, दर भांडणाला हातभर चढ. बायांनो, हसू नका. तुमच्याकडे वेल नसेल, एवढंच.

मात्र एका बाबतीत त्या भांडत नसत. धाकटीचं तान्हं बाळ अंगणातल्या मेढीला बांधलेल्या झोळीत निजायचं, आणि येता-जाता झोका द्यायची ती थोरली. धाकटी बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

एका सकाळी धाकटी जळणाच्या काटक्या वेचायला माथ्यावर गेली. दमून धोंड्याच्या सावलीला टेकली. धोंड्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. त्या काळी सरडे बोलायचे. आताही बोलतात, पण माणसंच मध्ये मध्ये बोलतात म्हणून ऐकू येत नाही.

सरडा म्हणाला, "काय हो धोंडोबा, निजलात का?"

"निजेन कसा?" धोंडा म्हणाला. "मी धरून बसलोय."

"काय धरून बसलात? हात तर दिसत नाहीत."

"या माणसांनी दिलं ते. न्हाव्याचा राग, तेलिणीचा जोर, दोन जावांचा घाम. मी त्यातलं तीळभर खर्चलं नाही. सगळं जसंच्या तसं आहे."

"मग परत कधी देणार?"

"ही उटी सुटली की."

"थोडं थोडं द्याल ना? घेतलंत तर थोडं थोडं."

धोंडा म्हणाला, "बाबा रे, चढताना मी चिमटीचिमटीने घेतलं. उतरताना मला चिमटी कळत नाही."

धाकटी दचकून उठली. तिने वाकून उटीला बोट लावलं. बोट आत गेलं! वाळवीने बाभळीचा भुसा केला होता. वर साल, आत माती. आणि धोंड्याखालून सरळ खाली बघितलं, तर तिला तिची झोळी दिसली. सुपारीएवढी दिसत होती, वाऱ्याने हलत होती.

काटक्या तिथेच टाकून ती धावत खाली आली.

"जाऊबाई, बाळाला घेऊन घराबाहेर पडा! वरचा धोंडा सुटणार आहे!"

थोरली म्हणाली, "अगं बाई! मी घराबाहेर पडले, की भोपळा कोण काढेल ते सांग बरं?"

धाकटीने कपाळावर हात मारला आणि पाटलाकडे गेली. पाटील ओट्यावर पाण्याचा रांजण शेजारी ठेवून पान जमवत बसला होता.

"अगं मुली," तो म्हणाला, "तो इतकी वर्षं हलला नाही, तो आज हलेल? स्वभावाने गरीब आहे बिचारा. दगडच तो."

"पाटील, तो गरीब नाही, बांधलेला आहे. आणि दोरी कुजलीय."

"खाली होता तेव्हाही तोच दगड होता ना? तेव्हा पोरं त्याच्यावर बसून बोरं खायची. दगड तोच, वजन तेच. वर गेला म्हणून काय त्याला शिंगं फुटली?"

चार शहाणे हसले. शहाणे नेहमी पाटलाच्या आधी हसतात.

धाकटी तडक घरी आली, शिडी लावली आणि थोरलीच्या देखत छपरावरचा भोपळा काढला.

"बघा, बघा! बोलले नव्हते मी?" थोरली ओरडली.

"जाऊबाई, भोपळा तुमचा. जन्मभर तुमचा. फक्त बाळाला उचलून घ्या आणि भिंतीच्या आडोशाला उभ्या राहा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की थोरलीने भांडण तोंडातच धरलं आणि बाळाला उचललं. पाटील आणि शहाणे गंमत बघायला अंगणाजवळ आले.

धाकटी वाटेने चार पावलं चढली आणि तिने भोपळा सोडला. तो डुलत डुलत आला आणि पाटलाच्या जोड्याला लागून थांबला, मांजराने अंग घासावं तसा.

"हात्तिच्या!" पाटील म्हणाला. "याला भ्यायचं?"

"आता ओट्यावर जाऊन बसा," धाकटी म्हणाली आणि भोपळा काखेत मारून पार माथ्यावर गेली.

तिथून तिने तो सोडला. आधी नुसता घरंगळला. मग उड्या मारू लागला. मग त्याचा रंगच दिसेना, नुसती लाल रेघ. शाळेतले गुरुजी याला स्थितिज आणि गतिज अशी काहीतरी नावं देतात. नावं मला कधी पाठ झाली नाहीत, पण भोपळ्याला पाठ होती. तो वाट सोडून अंगणात घुसला, झोळीची मेढ मधोमध मोडली, तिथून उसळला आणि पाटलाच्या रांजणात असा शिरला, की रांजणाची खापरं झाली आणि पाटलाची आंघोळ.

कोणी हसलं नाही. मला हसू येतं, पण तेव्हा कोणी हसलं नाही. सगळे झोळीकडे बघत होते. ती मोडक्या मेढीसकट मातीत पडली होती, रिकामी. थोरलीने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं, की ते रडायला लागलं.

"भोपळा तोच," थोरली हळूच म्हणाली. "वजन तेच."

"उंची निराळी, जाऊबाई," वरून उतरत धाकटी म्हणाली. "आणि तो भोपळा होता. वर धोंडा आहे. त्यात आपले सगळे भोपळे आहेत."

मग मात्र गाव पळत सुटलं. वाटेच्या कडेची घरं रिकामी केली. माणसं माथ्यावर चढली आणि आधी नवी उटी ठोकली. ठोकता ठोकता धोंडा बोटभर सरकला, तेव्हा शहाण्यांची बोबडी वळली. मोटांचे नाडे आणले, त्यांची जाळी करून धोंड्याला घातली आणि दोराचे माथ्यावरच्या चिंचेला वेढे दिले.

तेव्हा थोरलीला सुचलं. माथ्याच्या जरा खाली एक झरा होता. गुरांनी तुडवून त्याचा चिखल व्हायचा, म्हणून त्यांना पाणी प्यायला दगडी डोण घडवून ठेवली होती, पण ती वर चढवणार कोण? वर्षानुवर्षं पायथ्याशी पडून होती. थोरली म्हणाली, "धोंडा खाली येणारच आहे तर रिकामा का येईल? दोराचं दुसरं टोक डोणीला बांधा. आपला घाम खाऊन बसलाय ना, मग आपलं काम करून उतरू दे."

तसंच केलं. धोंडा जड, डोण हलकी. धोंडा इंच इंच खाली, डोण इंच इंच वर. आणि धाकटीने अट घातली, "जिथे जिथे मुक्काम, तिथे उटी लावायची आणि ज्यांचं भांडण त्यांनी ते बोलायचं. नाहीतर हाच धोंडा आपण परत चढवू."

पहिला मुक्काम जावांचाच. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरली म्हणाली, "भोपळा तर फुटला." धाकटी म्हणाली, "बी आहे. दोघींच्या मध्ये लावू." बस, एवढंच होतं ते. एवढ्यासाठी धोंडा डोंगराएवढा चढला होता.

मग व्याही बोलले. तेलीण बोलली, जरा जास्तच बोलली. न्हाव्याच्या मुक्कामाला कळलं, की त्याने रागाने एका गिऱ्हाइकाची अर्धीच मिशी काढली होती, आणि त्या गड्याने हट्टाने ती तशीच वाढवली होती. न्हाव्याने तिथल्या तिथे वस्तरा काढला. प्रत्येक मुक्कामाला माणसं हलकी होत गेली. डोण झऱ्याला पोहोचली, वरून आरोळी आली, डोण सोडून दोर नुसता चिंचेला गुंडाळून धरला.

आता शेवटचा मुक्काम उरला. सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना. पाटलाचा आणि त्याच्या भावाचा.

भाऊ गर्दीत मागे उभा होता. म्हातारा झाला होता. पाटलाने त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"डोण पोहोचली, काम झालं," तो म्हणाला. "उरलीय किती उंची? सोडून द्या."

थोरली म्हणाली, "पाटील, थोडी उंची म्हणजे थोडा तडाखा. तडाखाच नाही, असं नव्हे."

"मला शिकवू नका!" पाटील म्हणाला, पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने जाळीची गाठ सोडली आणि उटी हाणून काढली.

धोंडा निघाला. माणसं कडेला उड्या मारून सरकली. तो जावांच्या अंगणाला चाटून गेला आणि पाटलाच्या ओट्यावर आपटला. ज्या ओट्यावर बसून पाटील पाहुण्यांना गावाची शांती सांगायचा, त्याचे दोन तुकडे झाले. मग धोंडा थांबला. कोणाला खरचटलंही नाही.

पाटील मोडक्या ओट्यावर जाऊन बसला. माथ्याकडे बघत तो पुटपुटला, "एवढ्याशा चढाचा हा मार..."

भाऊ येऊन शेजारी बसला. मग पाटील खाली बघत म्हणाला, "तुझा लाखेचा भोवरा मीच विहिरीत टाकला होता."

"ठाऊक होतं रे दादा," भाऊ म्हणाला. "टाकताना बघितलं होतं मी. तू सांगावंस, एवढंच होतं."

आणि दोन म्हातारे, पोरांनी रडावं तसे रडले. मघापासून दाबून धरलेलं गावाचं हसू फुटलं ते त्यानंतर, पाटलाच्या रांजणाच्या पाण्याने चिखललेल्या धोतराकडे बघून.

त्या गावाची गुरं पुढे डोणीतलं निर्मळ पाणी पिऊ लागली. ओटा पाटलाने पुन्हा बांधला नाही. धोंडा तिथेच राहिला. भांडण झालं, की दोघांनी त्याच्यावर बसायचं आणि बोलणं संपल्याशिवाय उठायचं नाही. जागा अरुंद आहे, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा हात धरूनच बसावं लागतं. पोरं मात्र त्याच्यावर पुन्हा बोरं खाऊ लागली आहेत, आणि बिया जातात त्या भांडणाऱ्यांच्या बुडाखाली.

तात्पर्य: न बोलता वर ढकललेला राग मरत नाही, तो उंचीवर टपून बसतो, म्हणून तो वेळीच, हळूहळू आणि काहीतरी कामाला लावून खाली उतरवावा.