डांबराच्या पिंपाचं बॉनेट

हजारदा सांगून झालंय, तरी पुन्हा ऐकायचंच म्हणता. मग मध्ये बोलायचं नाही.

रणधीरराव जाचकांच्या जुन्या जीपचं बॉनेट चोरीला गेलं. रावांनी सगळे भंगारबाजार पालथे घातले, पण जोडीचं बॉनेट कुठं मिळेना. मग एके दिवशी दत्तू मिस्त्रीच्या जीपला तस्संच बॉनेट दिसलं आणि रावांनी भर बाजारात त्याची गचांडी धरली.

"चोरा, हे आमच्या आजोबांचं बॉनेट!"

मिस्त्रीला एकदा चोर म्हटलं की त्याच्याकडे गाडी कोण टाकणार? तरी दत्तू शांतपणे म्हणाला, "रावसाहेब, नीट बघा. आजोबांचंच ना?"

"त्यांनीच बसवलेलं! देवाशपथ!"

दत्तूनं गचांडी सोडवली, बॉनेट उघडलं आणि आतलं काळं ऑइल फडक्यानं पुसलं. पत्र्यावर अक्षरं दिसली : 'सरकारी डांबर. विक्रीसाठी नाही.'

"मलाही बॉनेट मिळेना, म्हणून पिंप ठोकून बनवलं. रिकामं पिंप लिलावात घेतलं, पावती आहे. आता तुम्हीच सांगा, बॉनेट माझं, की तुमच्या आजोबांनी सरकारी पिंप चोरलेलं?"

सगळा बाजार खदाखदा हसला. राव जे तरातरा निघाले, ते दत्तूची माफी मागायला अजून आलेले नाहीत. नाव पुन्हा सांगतो, रणधीरराव जाचक.