रोहिणीपासून दोन बोटं

नभगडच्या राजाला आभाळाची चित्रं जमवायचा नाद होता. कुणाला हत्तींचा असतो, कुणाला तलवारींचा, याला आभाळाचा. चित्रशाळेत तीन हजार आभाळं सुरळ्या करून ठेवलेली होती, आणि ती सांभाळायला अंतोबा नावाचा एक सज्जन, पण सदा गोंधळलेला कारकून होता.

त्या राज्याची एक रीत होती. नवा तारा दाखवील त्याचं नाव ताऱ्याला द्यायचं. जुनाच तारा नवा म्हणून खपवील त्याला गावाबाहेर घालवायचं. एके दिवशी देवळात दीपमाळ लावणारी म्हाळसाक्का दरबारात आली.

"रोहिणीच्या डावीकडे दोन बोटांवर नवा तारा उगवलाय," ती म्हणाली.

राजज्योतिषी त्रिंबकशास्त्री हसले. "आक्का, तो तुझ्या आजीच्याही आधीचा आहे!"

राजाने अंतोबाला फर्मावलं, "गेल्या वर्षीचं, त्या जागेचं सर्वांत उत्तम चित्र आण."

अंतोबाने सुरळ्या सोडल्या आणि त्याचं डोकं गरगरलं. रोहिणीची चित्रंच निघाली सत्तावीस! एक एवढं मोठं की उलगडायला चौघे लागले, पण त्यात रोहिणी तिळाएवढी. एक फार रेखीव, पण नेमका तिथेच ढग. एक पौर्णिमेचं, चांदण्यात बारीक तारे विरघळून गेलेले. उत्तम म्हणजे मोठं? रेखीव? की उजळ? विचार करता करता दुपार टळली. शेवटी त्याने भिंतीवर टांगलेलं, खुद्द महाराजांनी गेल्या वर्षी काढलेलं, सोन्याच्या चौकटीतलं चित्र उचललं. त्याला कोण नावं ठेवणार?

दरबारात वाहवा झाली. पण दोन बोटं मोजली, तर जागा बरोबर चौकटीखाली गेलेली!

शास्त्रीबुवा डगमगले नाहीत. "तारा चौकटीखालीच आहे. रिकाम्या जागेवर सोनं कोण चढवील?"

दरबाराला हे पटलं. दरबाराला काय, काहीही पटतं. आक्काने गाव सोडावं, असा हुकूम सुटला.

आक्का अंतोबाकडे वळली. "बाबा, मी जागा सांगितली होती. तू चौकट आणलीस."

अंतोबाने महाराजांच्या चित्राला उणं म्हणावं, तर नोकरी गेली. गप्प बसावं, तर आक्का गेली. तो पुढे झाला.

"महाराज, चूक माझी. चित्र सुंदर आहे, पण विचारलेली जागा त्यात नाही. एकदा परत जाऊ द्या."

राजाच्या भुवया चढल्या. मग कशीबशी मान हलली.

या वेळी अंतोबाने चित्रांची शोभा पाहिलीच नाही. प्रत्येकावर रोहिणीपासून दोन बोटं ठेवली आणि तेवढंच पाहिलं. शेवटी एका धनगराने गेल्या वर्षी अमावास्येला कोळशाने काढलेला, मेंढ्यांचा वास मारणारा खरखरीत कागद हाती लागला. जागा अगदी मधोमध. आसपासचे मोहरीएवढे तारेसुद्धा त्याने सोडले नव्हते.

राजाने डोळे बारीक केले. "अरे, इथे तर काहीच नाही!"

"तेच दाखवायला आणलंय, महाराज."

शास्त्रीबुवांना एकाएकी संध्या आठवली. राजाने हुकूम मागे घेतला, आणि ताऱ्याला म्हाळसाक्काचं नाव मिळालं. अंतोबाची नोकरीही राहिली.

तात्पर्य: विचारलेली गोष्ट जे स्वच्छ दाखवतं तेच उत्तम; झगमगाट पाहून निवड केली, तर शिक्षा भलत्यालाच होते.